डरना शाम को

कोरोनाच्या दिवसांत सदर बाजारहून निघालेल्या ऑटोत माझ्या शेजारी एक नर्सिंगची विद्यार्थिनी बसली होती. ती आपले कोरडेच हात एकमेकांवर चोळत होती. आधी तळवे, मग बोटांच्या बेचक्या, मग अंगठे. मला वाटलं, पोर घाबरली आहे. धीर द्यायची मला जुनी खोड.

"इम्तहान है, बेटा?"

"नहीं अंकलजी, कोविड वॉर्ड में पहली ड्यूटी है. हाथ धोने की प्रैक्टिस कर रही हूँ."

मास्कवरचे डोळे असे चमकत होते, जणू सख्ख्या भावाच्या वरातीला निघाली आहे. मी मात्र सरकत सरकत ऑटोबाहेर लटकायच्या बेतात आलो. ती हसली.

"अंकलजी, अभी तो जा रही हूँ. डरना शाम को."

संध्याकाळी मी परतीच्या ऑटोत बसलो होतो, तर योगायोगाने तीच चढायला आली. न्हाऊन आलेली, केस ओले.

"अंकलजी, एक बाबा कल से कुछ नहीं खा रहे थे. मेरे हाथ से पूरी खिचड़ी खा ली."

ठरल्याप्रमाणे आता मी घाबरायला हवं होतं. पण मी भाजीची पिशवी मांडीवर घेऊन तिला जागा केली आणि विचारलं, "घी था?"