लाइनवरचा मुलगा

जळगाव-धुळे एसटीत माझ्या शेजारी बसणारी ती बाई रोज उजवीकडचीच खिडकी धरायची. समोरून येणारे ट्रक तिथून दिसतात. ‘लाइन’ हा इंग्रजी शब्द ती कशालाही लावी. घरची वीज लाइन, कपाशीची ओळ लाइन, स्टँडवरची रांगही लाइन.

“मना पोऱ्या लाइनवर शे,” ती म्हणाली. मुलगा सुरत-नागपूर ट्रक चालवायचा. घरी यायला सवड नव्हती.

“फोन करत नाही का?” मी विचारलं.

“करस ना. पण पोट भरीसन जेवस का नही, ते आवाजमा थोडंच दिसस.”

एरंडोलच्या पुढे एक ट्रक हॉर्न देत समोरून गेला. ती अर्धवट उठली, हात खिडकीबाहेर काढला. तोवर ट्रक मागे पडला होता.

“बारीक व्हई गया पोऱ्या,” ती म्हणाली आणि बसली. हात मात्र पारोळा येईपर्यंत खिडकीतच होता.