कांडी संपली की उठायचं

आमचं घर म्हणजे एक खोली, आणि त्या खोलीतली अर्धी जागा मागाची. उरलेल्या अर्ध्यात आई, मी, चूल, माठ आणि माझी पुस्तकं. नागपुरात गोळीबार चौकाच्या मागच्या गल्लीत तेव्हा घरोघरी हातमाग होते. बाबांचा माग खड्ड्याचा. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते — जमिनीत खड्डा असतो, विणणारा त्याच्या काठावर बसतो, पाय आत दाबायच्या पावड्यांवर आणि हातात आडवा धागा नेणाऱ्या धोट्याची दोरी. दारातून पाहिलं तर माणूस कमरेपर्यंत जमिनीत गेल्यासारखा दिसतो. पावसाळ्यात त्या खड्ड्यात ओल यायची, बाबांचे पाय सुजायचे, आणि पाय सुजले की माग बंद. माग बंद म्हणजे एक वेळ भात, तोही मिठाबरोबर.

आई कांड्या भरायची आणि त्या बाबांना नेऊन द्यायचं काम माझं. कांडी म्हणजे धोट्यात बसणारी सुताची नळी. ती संपली की माग थांबतो. आवाज थांबला की हातातलं पुस्तक ठेवून उठायचं, हा आमच्या घरातला नियम. मी बसून राहिले की आई ओरडायची, "काय वं कलेक्टरीनबाई, बाप कांडीसाठी बसून राहिला न तिकडं!"

आणि आवाज चालू असला म्हणजे घर ठीक आहे. त्या आवाजात मी झोपले, त्याच आवाजात पाढे पाठ केले. बाबांचा उजवा गुडघा खराब होता, म्हणून त्यांचा ठोका वेगळा पडायचा — दोन जवळजवळ, मग श्वासाएवढी फट, मग तिसरा. गल्लीत वीस माग चालू असले तरी मी बाबांचा ओळखायची.

बी.ए. फायनलच्या परीक्षेच्या आठ दिवस आधी, भर दुपारी, माग थांबला. आई बाजारात गेली होती. मला वाटलं धागा तुटला असेल, सांधतील. मी पान संपवलं. मग दुसरं पान संपवलं. उठून गेले तेव्हा बाबा समोरच्या कापडावर डोकं टेकून होते. डॉक्टर म्हणाले, लगेच आली असतीस तरी ते वाचले नसते. असेल. मी परीक्षा दिली आणि पास झाले. आमच्या खानदानातली पहिली ग्रॅज्युएट मी आहे आणि हे सांगताना मला लाज वाटत नाही.

एवढं आधी सांगितलं, कारण पुढचं त्याशिवाय कळणार नाही. आणि एक — अंगात येणं, उतारे, अमावास्या यातलं मी काहीही मानत नाही. आमच्या गल्लीत ज्यांनी मानलं ते तिथेच राहिले. मी सरकारी कार्यालयात तपासणीचं काम करते. वृद्धाश्रम, निवासी देखभाल केंद्रं यांच्याबद्दल तक्रार आली की जाऊन पाहायचं, जबाब घ्यायचे, अहवाल लिहायचा. माझं पोटच पुराव्यावर चालतं.

दोन वर्षांपूर्वी मार्च महिन्यात एक तक्रार आली. तक्रारदार वनिता, बुटीबोरीच्या एका सूतगिरणीत कामाला. तिचे वडील बापूरावजी खापरखेड्याच्या वीज केंद्रातून फिटर म्हणून रिटायर झालेले. आठवण गेली होती. बायको वारल्यावर रायपूरच्या मुलाने त्यांना उमरेड रोडवरच्या एका केंद्रात ठेवलं. वनिता आणि भाऊ यांचं बोलणं बंद. ती दर रविवारी भेटायला जायची. तीन रविवार तिला गेटवरूनच परत पाठवलं — वडिलांना मुलाने घरी नेलंय म्हणून.

मी आमच्या ऑफिसच्या डोंगरेभाऊंना घेऊन गेले. नवीन लेआउटमधली दोन मजली इमारत, समोर तुळस, आत फिनेलचा वास. अठ्ठावीस खाटा, पांढऱ्याशुभ्र चादरी. मॅनेजर गोड बोलणारा माणूस, त्याचं नाव इथे राऊत ठेवते, खरं नाही.

"मॅडम, पोरानं नेलं न त्याईले. हे पाहा, सही. काहून पोरीचं ऐकून तरास घेता? भावाबहिणीचं भांडण आहे हे, मधात आमची इज्जत जाऊन राहिली."

रजिस्टरमध्ये नोंद होती, सही होती, मुलाचा मोबाईल नंबर होता. मी तिथूनच फोन लावला. पलीकडचा माणूस म्हणाला, "हो, बाबा माझ्याजवळच आहेत, झोपले आहेत."

आणि आता ती गोष्ट. मी केंद्राच्याच ऑफिसात बसून अहवाल लिहीत असताना कुठेतरी माग चालू होता. पॉवरलूमचा नाही, हातमागाचा. भिंतीपलीकडून येतो तसा दबका. मी डोंगरेभाऊंना विचारलं, "इकडे कोणाकडे हातमाग आहे का हो?"

"माग? मले तं काही ऐकू नाही येऊन राहिलं. मॅडम, तुमाले दुपारचा चहा नाही भेटला न, म्हणून कान वाजून राहिले."

मी हसले. उमरेडकडे अजून विणकर आहेत, असेल कोणी. खरं सांगू? मला बरं वाटलं. कितीतरी वर्षांनी तो आवाज कानावर पडत होता, आणि लहानपणापासून अंगात बसलेलं — आवाज चालू आहे म्हणजे घर ठीक आहे. त्याच सैल मनाने मी शेवटची ओळ लिहिली: तक्रारीत तथ्य आढळले नाही.

नंबर मी रजिस्टरमधून घेतला होता. तो खरंच मुलाचा आहे का, हे वनिताला विचारायचं माझ्या डोक्यातही आलं नाही. नवशिक्यानेही करू नये अशी चूक. माझी.

तीन आठवड्यांनी वनिता आमच्या ऑफिसात येऊन उभी राहिली. पायात गिरणीतले बूट, केसात कापसाची पिंज. बसा म्हटलं तर बसेना.

"मॅडम, मी रायपूरले जाऊन आली. भावाच्या पाया पडून विचारलं. थो म्हणते त्यानं नेलंच नाही. त्याचा नंबरबी तो नाही. तुमी कोणासोबत बोलल्या होत्या?"

मी फाईल उघडून रजिस्टरमधून उतरवलेला नंबर तिच्यापुढे धरला.

"तुमी शिकल्या-सवरल्या आहात म्हणून मी तुमच्या कागदावर भरोसा ठेवला," ती म्हणाली. "नाहीतर त्या दिवशीच मी भिंतीवरून उडी मारून गेली असती."

तासाभरात आम्ही निघालो. डोंगरेभाऊ, मी आणि वनिता. एप्रिलचं ऊन, साडेबारा वाजलेले. वनिताला गेटबाहेर जीपमध्ये थांबायला सांगितलं. नियम आहे, तपासणीच्या वेळी तक्रारदार आत नको.

राऊत या वेळी घामाने भिजला होता. "मॅडम, कोणीतरी आला, मुलगा आहो म्हणाला, घेऊन गेला. आमाले काय माहीत?"

मी सगळं पाहिलं. प्रत्येक खाट, संडास, बाथरूम, स्वयंपाकघर, गच्ची. म्हाताऱ्यांना विचारलं तर ते माझ्याकडे न पाहता राऊतकडे पाहायचे. एक आजी फक्त म्हणाली, "माय, मले काही दिसत नाही वं." तिचे डोळे चांगले होते.

मागच्या भिंतीला एक लोखंडी दार होतं आणि पलीकडच्या प्लॉटवर टिनाचं शेड. राऊत म्हणाला, "ते आमचं नाही, प्लॉटवाल्याचं आहे. सामान ठेवते तो." दाराला कुलूप. ज्या जागेची नोंदणी नाही तिथे माझा अधिकार चालत नाही, हे त्यालाही माहीत होतं, मलाही.

मी केंद्राच्या ऑफिसात बसून पंचनामा लिहायला घेतला. आणि आवाज होता. आल्यापासून होता. त्या दिवशी मी नीट ऐकला, तेव्हा माझ्या हातातलं पेन थांबलं. दोन ठोके जवळजवळ... श्वासाएवढी फट... मग तिसरा.

मी स्वतःला दटावलं. मुकाट्याने लिही. पोलिसांत हरवल्याची तक्रार द्यायची, उद्या वरिष्ठांना कळवायचं, रीतसर.

मी लिहिलं, 'सदर व्यक्ती केंद्रात आढळून आली...' आणि 'नाही' लिहायच्या आत माग थांबला.

मी उठले. ठरवून उठले नाही. अंग उठलं. उजवा हात पुढे झाला होता, बोटं अशी वळलेली, जशी त्यांच्यात कांडी असावी. डोंगरेभाऊ नंतर म्हणाले, "मॅडम, मी हाका मारून राहिलो होतो, तुमी वळून नाही पाहिलं." मला एकही हाक ऐकू आली नाही. मी स्वयंपाकघरातून मागे गेले, लोखंडी दारापाशी उभी राहिले आणि म्हणाले, "उघडा."

"मॅडम, ते आमचं—"

"उघडा, नाहीतर मी तोडते. मग माझ्यावर करा केस."

डोंगरेभाऊंनी दगड उचलला तेव्हा राऊतने खिशातून किल्ली काढली. प्लॉटवाल्याच्या दाराची किल्ली त्याच्या खिशात होती.

शेडमध्ये मोडक्या खाटा एकावर एक रचलेल्या होत्या. त्यांच्या मागे बापूरावजी. टिन एवढं तापलेलं की हात लावता येत नव्हता. उघड्या लोखंडी खाटेवर, दोन्ही मनगटं आणि दोन्ही घोटे साडीच्या चिंध्यांनी बांधलेले. चिंध्या मांसात रुतलेल्या. अंगाखाली जे होतं ते लिहीत नाही. ओठ काळे पडलेले, डोळे अर्धे उघडे. मी नाकाजवळ हात धरला तर काही लागेना. मग गळ्याशी बोट ठेवलं. फार वेळाने, अगदी बारीक, काहीतरी हललं.

"वनिताले बोलवा!" मी ओरडले. नियम गेला खड्ड्यात.

ती धावत आली. रडली नाही. दातांनी गाठी सोडायला लागली. "बाबा, मी आली न. वनू आली. डोळे नका मिटू जी बाबा, माह्याकडे पाहा."

हॉस्पिटलमधले डॉक्टर म्हणाले, अजून अर्धा तास त्या शेडमध्ये राहिले असते तर तुम्ही त्यांना जिवंत आणलं नसतं. पोलिसांना राऊतने नंतर सांगितलं — म्हातारा तीनदा गेटबाहेर निघून गेला होता, पाहायला माणूस नव्हता, म्हणून बांधला. 'मुलाने नेलं' ही नोंद त्याचीच, आणि फोनवरचा माणूस त्याचा साळा. दोन दिवसांपासून म्हातारा ओरडतही नव्हता, हेही त्यानेच सांगितलं.

म्हणजे तो आवाज त्यांनी केलेला नव्हता. हातपाय बांधलेले होते, आणि त्यांनी जन्मात माग चालवला नव्हता. पुढच्या आठवड्यात मी स्वतः तो सगळा भाग पायी फिरले. दुकानदारांना विचारलं, वॉचमनला विचारलं. पलीकडे सोयाबीनचं रिकामं वावर, अलीकडे अर्धवट बांधकामं. हातमाग एकही नाही. शेडमध्ये हलणारी, वाजणारी एकही वस्तू नाही. पाण्याची मोटार चालू करून ऐकली, जनरेटर चालू करून ऐकला. नाही.

एवढ्यावर मी म्हटलं असतं, बाई, तुझ्या मनात बापाचं राहून गेलंय, मन खेळ करतं. तसंच म्हणत होते. महिनाभराने वनिताकडे गेले. बापूरावजी दारात खुर्चीवर बसले होते, मनगटांवर काळे वळ. वनिता चहा ठेवायला उठली आणि सहज म्हणाली, "मॅडम, बाबा एकच गोष्ट सांगून राहिले रोज, तिथं एक माणूस होता म्हणून. तुमाले काही समजते का पाहा."

मग वडिलांकडे वळून मोठ्याने म्हणाली, "बाबा, तो माणूस कोण होता जी?"

बापूरावजींनी माझ्याकडे पाहिलं. ओळख नव्हतीच त्या नजरेत. पण बोलले स्वच्छ.

"खाली बसला होता. एवढा जमिनीत." त्यांनी हात कमरेशी आडवा धरला. "दिवसभर काम करून राहिला होता. मले सोबत होती त्याची. मंग त्यानं माह्याकडे पाहिलं... आन् हात थांबवला."

"काहून थांबवला?" मी विचारलं.

"मले काय माहीत, बाई. म्हणे, आता येते ते पोरगी."

वनिताने चहाचा कप माझ्या हातात दिला. मी तो न पिताच खाली ठेवला.

शेडची जमीन सपाट सिमेंटची आहे, मी पाहिली आहे. डोंगरेभाऊंशी मी आवाजाबद्दल बोलले होते हे खरं, पण ते वनिताशी त्यावर कधी बोलले नाहीत, आणि खड्ड्याचा माग कसा असतो हे त्यांना माहीतही नव्हतं. बापूरावजींची आठवण गेलेली आहे, त्यांचं बोलणं पुरावा म्हणून कुठे चालणार नाही. मी ते जबाबात घेतलेलं नाही. ज्याचं कारण मला देता येत नाही ते मी सरकारी कागदावर लिहीत नाही, म्हणून इथे लिहिलं. कोणाला कारण सुचलं तर सांगा. मला सुचलेलं नाही. आईला सांगितलं तर ती म्हणाली, "या खेपेस उठली न लवकर. झालं तं."

तो आवाज त्यानंतर कधी आला नाही.

पहिला अहवाल चुकीचा होता, असं मी स्वतः लेखी दिलं आणि तो रद्द झाला. त्याबद्दल मला समज मिळाली, ती माझ्या फाईलला लागली आहे. केंद्राची नोंदणी गेली. राऊतवर खटला चालू आहे. बाकीच्या अठ्ठावीस जणांपैकी कोणी घरी गेलं, कोणी दुसऱ्या केंद्रात, आणि त्या केंद्रात मी न सांगता जाऊन पाहते. बापूरावजी बुटीबोरीला मुलीजवळ आहेत. तिचं नाव त्यांना आठवत नाही. पण जेवतात स्वतःच्या हाताने.