दहा मार्चचा चिनी शिपाई

"हिला मेकअपबी नको. देवानंच चिनी करून धाडलीया."

सर असं म्हणाले आणि अख्खा नववीचा वर्ग हसला. मीही हसले. ते हसणं मी अजून स्वतःला माफ केलेलं नाही.

सव्वीस जानेवारीचं नाटक होतं, बासष्टच्या युद्धावरचं. भारतीय जवान व्हायला पोरांत मारामारी. चिनी शिपाई व्हायला कुणीच तयार नाही. मग सरांची नजर माझ्यावर आली. मी तिबेटी. जन्म कोल्हापुरातला. घरचे आधी मुंडगोडच्या तिबेटी वसाहतीतून दर थंडीत इथं स्वेटर विकायला यायचे. मी जन्मले त्या वर्षी वडिलांनी गाळा घेतला आणि आम्ही इथलेच झालो. निदान मला तसं वाटायचं. ज्या चीननं आमचा देश गिळला, त्याच चीनचा शिपाई मला केलं आणि सरांना त्यात काही वावगं दिसलं नाही. डोळे बारीक, नाक बसकं, म्हणजे चिनी. विषय संपला.

नाटकाला आजोबा आले. आमच्यात आजोबांना पोला म्हणतात. घरी मी फक्त 'नाटकात आहे' एवढंच सांगितलं होतं. कौतुकाच्या माणसाच्या गळ्यात घालतात ते पांढरं रेशमी वस्त्र पोलांनी बरोबर आणलं होतं. मी स्टेजवर आले. टोपीवर लाल तारा. मागून पोरं ओरडली, "ए चिनी, मर की!" मी मेले. टाळ्यांनी मांडव दणाणला. पडल्या पडल्या डोळे किलकिले करून पाहिलं, तर पोलांची खुर्ची रिकामी.

घरी त्यांनी ते पांढरं वस्त्र परत पेटीत ठेवलं. जेवलेही नाहीत.

पण नाटक गाजलं. शाळाशाळांच्या स्पर्धेला ते पाठवायचं ठरलं. स्पर्धा दहा मार्चला.

एकोणीसशे एकोणसाठ साली याच दिवशी ल्हासातली माणसं चीनविरुद्ध रस्त्यावर उतरली. पोला तेव्हा चौदा वर्षांचे. पुढं डोंगर ओलांडून भारतात पोचले ते एकटेच. दर दहा मार्चला आम्ही दुकान बंद ठेवायचो. शटर ओढून आत उभं राहायचं, दंडाला काळी फीत. आमचं राष्ट्रगीत म्हणायचो, तेही हळू, शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून. मग पोला मागं राहिलेल्यांची नावं घ्यायचे. त्यांची आई. थोरला भाऊ तेन्झिन. धाकटी बहीण डोल्मा, सहा वर्षांची. प्रत्येक नावानंतर सगळे गप्प.

डोल्माचं नाव घेतलं जाईल तेव्हा मी कुठं असणार? लाल ताऱ्याची टोपी घालून स्टेजवर. माझं डोकंच फिरलं. लाजही वाटली, आणि रागही आला.

दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये गेले. शिपायाचे कपडे सरांच्या टेबलावर ठेवले.

"दहा मार्चला मी येणार न्हाय, सर. आणि चिनी तर कधीच होणार न्हाय."

"दहा मार्चला काय हाय?"

"आमच्या देशाचा दिवस."

सर हसले. "देश कुठं हाय तुमचा? नकाशात दाव की."

भिंतीवर नकाशा होता. मी हिमालयाच्या वर बोट ठेवलं. तिथं चीन असं छापलेलं होतं. बोट हलवलं नाही.

"हितं हाय. छापणाऱ्यानं चुकीचं छापलंय."

आठवडाभर वर्गाबाहेर उभं केलं. नाटकातल्या पोरांनी बोलणं टाकलं. "तुझ्यापायी आमचा नंबर जाणार." गेला तर गेला.

दहा मार्च उजाडला. वडील शटर ओढायला निघाले. मी म्हणाले, "आत नको. चौकात उभं राहू." वडील घाबरले. परक्या गावात कशाला, म्हणाले. पोला मात्र उठले आणि पेटीतून झेंडा काढला.

बिंदू चौकात आम्ही चौघं, पोला, आईवडील आणि मी. राष्ट्रगीत पहिल्यांदाच मोठ्यानं म्हटलं. हवालदार आला.

"पावणं, कुठल्या पक्षाचा झेंडा ह्यो?"

पोलांचं मराठी स्वेटर विकता विकता शिकलेलं. "पक्षाचा न्हाय. देशाचा हाय की."

हवालदारानं झेंडा वरपासून खालपर्यंत पाहिला. "कडंला उभं ऱ्हावा. गाड्या जात्यात."

आम्ही कडेला सरकलो आणि नावं घेतली. डोल्माचं नाव त्या वर्षी मी घेतलं.

पोला आता नाहीत. मी इथल्याच एका खासगी दवाखान्यात नर्स आहे. दहा मार्चची रजा मागितली की मॅनेजर दरवर्षी समजावतात, "सिस्टर, घरगुती कारण लिव्हा. लगीच मंजूर करतो." माणूस वाईट नाही. पण मी तसं लिहीत नाही. मी लिहिते, माझ्या देशाच्या स्वातंत्र्यासाठी. खाली देशाचं नाव लिहिते. रजा मंजूर झाली तर बरं. नाही झाली तर खुशाल नोटीस काढा. त्या दिवशी मी चौकातच असणार.