पोरगं सेट झालं

इंग्रजीतल्या ‘सेट’ या एका शब्दाला डिक्शनरीवाल्यांनी पानंच्या पानं दिलेली आहेत. वर्गात मी ती उघडून दाखवतो तेव्हा मुलं आ वासून बघतात. पण खरं सांगू का, ती डिक्शनरी लिहिणारा माणूस आमच्या देवळाली प्रवरात एक उन्हाळा राहिला असता ना, तर त्यानं बाकीचे सगळे अर्थ खोडून एकच ठेवला असता. आमच्याकडं सेट म्हणजे ज्याला पक्की नोकरी आहे आणि म्हणून ज्याला पोरगी द्यायला हरकत नाही, असा माणूस. बस्स, विषय संपला.

मी नगरच्या एका कॉलेजात इंग्रजी शिकवतो. बोलायला प्राध्यापक, पण आमच्यासारख्यांना तासांवर घेतात. शिकवलं तेवढंच आपलं; सुट्टी लागली की आपण कुणीच नाही. जून आला की परत अर्ज, परत मुलाखत, जणू कॉलेजनं आपलं थोबाड कधी पाहिलंच नव्हतं. तीच खोली, तोच फळा, तेच पुस्तक, आणि दरवर्षी नवी ऑर्डर. मधल्या काळात जिल्ह्याचं नाव बदललं, एसटीच्या पाट्या बदलल्या. माझ्या ऑर्डरीतले ‘तात्पुरत्या स्वरूपात’ हे दोन शब्द मात्र तिथंच आहेत.

घोटाळा झाला तो एका परीक्षेपायी. कॉलेजात शिकवायचं तर सरकारची एक पात्रता परीक्षा पास व्हावी लागते, आणि तिचं नावच सेट. तीन इंग्रजी अक्षरं जोडून कुणा शहाण्यानं हे नाव पाडलं देव जाणे. दुसरी अक्षरं मिळाली नसती का? निकाल लागला तेव्हा मी नगरला होतो. आनंदाच्या भरात वडिलांना फोन लावला आणि ओरडलो, “आबा, मी सेट झालो!” आबा तेव्हा दूध घालायला संकलन केंद्रावर उभे होते. फोन कानाला तसाच ठेवून त्यांनी तिथल्या सगळ्यांना सांगितलं, “पोरगं सेट झालं बरं का आमचं!”

मी घरी पोचेपर्यंत पेढे वाटून झाले होते. शेजारच्या काकूंनी माझी दृष्ट काढली. चौकातल्या सलूनवाल्यानं दाढीचे पैसे घेतले नाहीत, म्हणाला, “आता काय, तुमी साहेब झालात.” मी आबांना ओसरीवर बसवून समजावून सांगितलं. ही नुसती परीक्षा आहे. पास झालो म्हणजे नोकरीला लायक झालो, नोकरी लागली नाही. आबांनी सगळं ऐकून घेतलं, तंबाखू मळली, आणि म्हणाले, “लायक झाला ना? मंग झालं तर. लायक मानसाला नोकरी द्यायची न्हाई तर काय ढोरांना द्यायची?” मी हात टेकले.

मग स्थळं यायला लागली. त्यातलं एक राहुरीकडचं होतं. आईनं त्यासाठी कपबश्यांचा नवा सेट आणला, त्यावर निळी फुलं होती. मुलीच्या मामांनी चहाचा कप हातात घेतला आणि पहिलाच प्रश्न टाकला, “मुलगा सेट आहे म्हणजे पर्मनंट ना?” आबा म्हणाले, “व्हय व्हय.” मी म्हणालो, “नाही.” दोन्ही एकदमच. मामांनी एकदा आबांकडं, एकदा माझ्याकडं बघितलं आणि कप खाली ठेवला. मी परत सगळं सांगितलं, परीक्षा काय असते, जागा कधी निघते, जाहिरात म्हणजे काय. मामा मान हलवत होते, पण माझ्या लक्षात आलं की यांनी मनात चप्पल घातलीसुद्धा.

रीतीप्रमाणं आम्हा दोघांना आतल्या खोलीत बोलायला बसवलं. तिनं मराठीत एम.ए. केलं होतं आणि एका खाजगी शाळेत शिकवत होती. ती हसू दाबत होती. मी विचारलं, “काय झालं?” म्हणाली, “बाहेर तुम्ही मामांना वर्गातल्यासारखं शिकवत होता. फक्त खडू नव्हता.” मला आधी राग आला. मग मीही हसलो. त्यानंतर आम्ही काय बोललो ते मी इथं लिहिणार नाही, पण चहा गार झाला आणि बाहेरून खाकरून दोनदा आठवण द्यावी लागली. उठताना तिनं माझा नंबर घेतला.

मामांनी नकार कळवला नाही आणि होकारही नाही. “पोस्ट निघाली की बघू,” असा निरोप आला. आणि तिनं मला फोन करून सांगितलं, “मी थांबते.” असं सरळ. मला रात्रभर झोप लागली नाही, एवढा आनंद मला कुठल्या निकालानं दिला नव्हता.

ती थांबली. एक वर्ष नाही, दोन वर्षं नाही. सरकारनं भरती बंद ठेवली, मग थोडी उघडली, मग कुठं आरक्षणाचं, कुठं कोर्टाचं घोडं अडलं. पोरीला घरात किती दिवस ठेवणार म्हणून तिच्या घरचे पिसाळायला लागले, तेव्हा तिनं नामी युक्ती काढली. मलाही प्राध्यापक व्हायचंय, मीही सेट देते, पास होईपर्यंत लग्नाचं नाव काढू नका, असं घरात सांगून टाकलं. आणि परीक्षेच्या दिवशी मला फोन! “सर, मी अंदाजे गोळे रंगवून आले. चुकून पास झाले तर काय करू हो?” मी म्हणालो, “काळजी नको, मराठीचा पेपर अंदाजानं कुणी पास होत नाही.” ती इतकी हसली की मला फोन कानापासून लांब धरावा लागला. अशा रीतीनं ती दरवेळी नापास होत राहिली. माझ्यासाठी. हुशार बाई, वर्गात पहिली येणारी, घरच्यांची बोलणी खात नापास होत राहिली.

आम्ही भेटत फार नव्हतो. राहुरीच्या स्टँडवर कधी उसाचा रस, कधी नुसतंच बाकावर बसणं. तिथंही ओळखीचं कुणीतरी भेटायचंच आणि डोळा मारून विचारायचं, “काय सर, सेटिंग का?” बघा, हाही अर्थ. चोरून प्रेम केलं की सेटिंग, पैसे चारून जागा मिळवली तरी सेटिंग. पहिलीतली लाज मला जमली आणि दुसरीतली जमली नाही, म्हणून मी अजून तासांवरच आहे.

एकदा वर्गात याच शब्दावर तास घेतला. मुलांना म्हटलं, सांगा बरं, सेट कुठं कुठं वापरता? मग काय, सुटली. झेरॉक्सचा सेट. सोन्याचा सेट. ठिबकचा सेट. स्लॅब सेट होतो. दही सेट होतं. पेपरचा ए सेट, बी सेट. एक मुलगी म्हणाली, डॉक्टरनी आमच्या आजीचं हाड सेट केलं. मी फळ्यावर लिहीत होतो, माझ्याही अंगात आलं होतं. मग मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं, “सर, तुमी सेट हाय का?” सगळा वर्ग हसला. वाईट मनानं नाही, आमची पोरं वाईट नाहीत. मीही हसलो आणि फळ्यावर एक इंग्रजी वाक्य लिहिलं, सूर्य मावळतो त्याचं. तिथंही सेटच. मुलांनी ते वहीत उतरवून घेतलं आणि तास संपला.

अखेर गेल्या वर्षी आमच्याच कॉलेजात पक्की जागा निघाली. इंग्रजीची, एक. जाहिरात मी मोबाईलवर इतक्या वेळा वाचली की तिच्यातली शुद्धलेखनाची चूकसुद्धा मला आपली वाटायला लागली. तिला फोन केला. ती रडत होती. मग म्हणाली, “नवा शर्ट घ्या. तो चौकटीचा घालून जाऊ नका, पाया पडते.” आबांनी आयुष्यात पहिल्यांदा माझ्या कागदांची पिशवी स्वतः धरली आणि मला स्टँडपर्यंत सोडायला आले. मी अर्जाचे तीन सेट केले, सलूनमध्ये दाढी सेट करून घेतली, आणि निघालो.

मुलाखतीच्या खोलीबाहेर आम्ही ओळीनं बसलो होतो. शेजारी एक पिकल्या केसांचे गृहस्थ होते, माझ्यासारखेच तासांवर घासलेले. माझं फाईल चाळणं बघून ते हळूच म्हणाले, “सर, एवढा घाम कशाला गाळताय? जागा सेट आहे.” मी विचारलं, “मग तुम्ही कशाला आलात?” म्हणाले, “घरी काय सांगू, गेलो नाही म्हणून?”

मला ते खोटं वाटलं. वाटून घेतलं म्हणा. आत गेलो. समोरच्यांनी माझे कागद उघडलेसुद्धा नाहीत. एकजण मोबाईल बघत होता. दुसऱ्यानं अगदी प्रेमानं विचारलं, “कुठून आलात? देवळाली? यंदा ऊस कसा आहे तिकडं?” इतकी वर्षं मी त्याच इमारतीत इंग्रजी शिकवत होतो आणि मला त्यांनी उसाचं विचारलं. मी उसाचं सांगितलं. बरा आहे म्हणालो. दुसरं काय सांगणार होतो मी! बाहेर आलो तेव्हा मला कुणाच्या तरी कानाखाली वाजवायची होती, पण कुणाच्या ते कळत नव्हतं.

निकाल लागायच्या आधीच नाव सगळ्यांना माहीत होतं. ते माझं नव्हतं.

आबांना सांगितलं. मला वाटलं चिडतील, शिव्या देतील, कॉलेजला जाऊन राडा करतो म्हणतील. काही नाही. एवढंच म्हणाले, “आरं, मी सगळ्या गावाला सांगून बसलोय.” त्यानंतर ते दूध घालायला सगळ्यांच्या आधी जायला लागले, केंद्र उघडायच्या आत, म्हणजे कुणी भेटायला नको. त्यांच्या मागं कॅन उचलून चालताना मला जगण्याचा वीट आला होता. हे मी कुणाला बोललो नाही, लिहितोय.

तिला सांगायला मी धजावत नव्हतो. पण नगर काय, राहुरी काय, बातमी बसपेक्षा जोरात धावते. तिला कळलं होतं. तिनं मला काही विचारलं नाही, समजूत घातली नाही, पुढच्या वर्षीचं बोलली नाही. फोन कमी झाले. मीच करत नव्हतो. काय बोलायचं? अजून थांब? कशाच्या जोरावर?

या दिवाळीनंतर तिचा फोन आला. मी जिन्यात उभा होतो, तास सुरू व्हायचा होता. ती म्हणाली, “माझं ठरलं.” आवाज अगदी साधा होता, शाळेत हजेरी घेतात तसा. मुलगा नागापूरच्या एमआयडीसीत आहे, साखरपुडा घरीच आहे, एवढं तिनं सांगितलं. मला म्हणायचं होतं की बरं झालं. म्हणायचं होतं की करू नकोस. तुझी सगळी वर्षं मी खाल्ली, हेही म्हणायचं होतं. यातलं काहीच आलं नाही. इतक्या वर्षांत ज्या प्रश्नानं मला जागोजागी सोललं, जो मला गावानं विचारला, मामांनी विचारला, माझ्या वर्गानं विचारला, तोच माझ्या तोंडून बाहेर पडला.

“सेट आहे का?”

पलीकडं शाळेची घंटा वाजल्याचं ऐकू आलं. मुलांचा गलका झाला आणि थांबला.

“माहीत नाही,” ती म्हणाली. “तसलं मी कुणालाच विचारत नाही.”