उजव्या पायातली चप्पल

शिंगणापुरात माझ्या उजव्या पायातली चप्पल हरवली आणि बायकोने घरी येऊन पेढे वाटले.

मी नगरहून शिंगणापूरला भाविकांची जीप चालवायचो. त्या शनिवारी बायकोही दर्शनाला आली होती. गर्दीतून गाडीकडे परतताना तळवा भाजला, म्हणून खाली पाहिलं, तर उजवा पाय अनवाणी. मी शोधायला वळलो, तसा तिने दंड धरला.

"अहो, मागं बघू नका. गेली ती पीडाच गेली."

आमच्याकडे शनीच्या दारात चप्पल हरवली की माणसं खूश होतात. काही जण तर जुनी जोडी मुद्दाम सोडून येतात. तिच्याबरोबर साडेसाती जाते म्हणे. माझी काही जाईना. सोमवारी नवी चप्पल भिंगारच्या बाजारात गळाली, बुधवारी आमच्याच पायरीवर. पीडा अशी दिवसाआड जाते हे मी तरी कधी ऐकलं नव्हतं.

खरं कारण मला आतून ठाऊक होतं. त्याच्या आधीच्या आठवड्यात मी गुडघ्यासाठी सुया टोचून घेतल्या होत्या, आणि टोचणारे माझे सासरे होते.

मी त्यांना मामा म्हणतो, बायको आबा. ते लष्करी दवाखान्यात नोकरी करून निवृत्त झाले, मग अ‍ॅक्युपंक्चर शिकले आणि भिंगारमधल्या घराच्या ओट्यावर लोकांना सुया टोचू लागले. हात स्वच्छ, प्रत्येकाला नवी सुई, वर अर्धा तास गप्पा. निम्म्या गल्लीचे गुडघे त्यांच्या जिवावर जिने चढायचे. माझाही गुडघा त्यांनी दोनदा बरा केला होता. तिसऱ्या वेळी घाई मी केली.

"मामा, जरा आणखी आत जाऊ द्या. दुपारी गाडी काढायचीय मला."

सुई गुडघ्याच्या खाली, बाहेरच्या अंगाला होती. ती आत सरकली आणि नडगीवरून थेट पावलापर्यंत करंट गेला. मी ओरडलोच.

"करंट आला म्हंजे जागा बरुबर लागली, जावईबापू," मामा खुशीत म्हणाले. मीही खूश झालो. दोघंही शहाणे.

दुसऱ्या दिवसापासून पाऊल वर उचलेना. टाच टेकवून बोटं वर करायला गेलो की ती तिथेच लोळत पडायची. पावलाची वरची बाजूही बधिर, म्हणून चप्पल गळाली तरी कळायचं नाही. तरी मी गप्प बसलो. सासऱ्याच्या हाताला जावयाने नावं कशी ठेवायची? बायकोचा तर बापावर जीव. पण गप्प बसणं माझ्या स्वभावात नाही, त्यामुळे ते भलतीकडून बाहेर पडायचं. चहा गोड झाला म्हणून भांडलो, पंखा कुरकुरतो म्हणून भांडलो. बसल्या जागी सारखं पाऊल उचलून बघायचो. आता उचलेल, आता उचलेल.

गुरुवारी शिंगणापूरच्या रस्त्यावर एका रसवंतीजवळ गर्दी दिसली. मी पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून ब्रेककडे नेला, तर पावलाचा पुढचा भाग ब्रेकच्या खाली अडकला. समोर चरकाला जुंपलेला बैल गोल फिरत होता. हँडब्रेक दोन्ही हातांनी ओढला. बैलापासून हातभर अंतरावर जीप थांबली. मागच्या सीटवरून एक आजी शनिदेवाचं नाव घेत होत्या. बैलाने मान वळवून पाहिलं आणि पुन्हा चालायला लागला. भीतीपेक्षा मला लाज वाटली. एवढी माणसं मागे बसवून मी कुणाचा मान राखत होतो?

भाविकांना दुसऱ्या जीपमध्ये बसवलं आणि दुसऱ्या दिवशी नगरला डॉक्टरांकडे गेलो. गुडघ्याखाली त्या जागी नस अगदी कातडीजवळून जाते, तिला इजा झाली आहे, असं ते म्हणाले. सुधारेल, पण काही महिने लागतील, आणि पूर्ण सुधारेलच असं नाही. तोवर पाऊल वर धरून ठेवणारा प्लास्टिकचा पट्टा आणि गाडी बंद.

"सुईनं असं फार क्वचित होतं," ते म्हणाले. माझी समजूत घालायची होती त्यांना. पण ज्याचा पाय लोंबतो आहे त्याने त्या 'क्वचित'चं काय करायचं?

घरी बायकोला सगळं सांगितलं.

"आबांना सांगू नका," ती म्हणाली. "त्यांचं दुसरं काय हाय आता?"

मी बरं म्हणालो. चार दिवस घरात येरझाऱ्या घातल्या, पट्टा फरशीवर खट् खट् वाजवत. पाचव्या दिवशी राहवेना, रिक्षा करून भिंगारला गेलो. काय बोलायचं ते ठरलं नव्हतं. ओट्यावर एक बाई साडी गुडघ्यापर्यंत घेऊन बसल्या होत्या. मामा अंगठ्याने जागा चाचपत होते. तीच जागा.

"मामा, तिथं नको!"

माझा आवाज इतका मोठा निघाला की बाई दचकल्या. मामांनी माझ्याकडे पाहिलं, मग पट्ट्याकडे. बाईंना उद्या या म्हणाले, मला खुर्चीवर बसवलं, पट्टा सोडला आणि माझं पाऊल मांडीवर घेतलं. लग्नात त्यांनी माझे पाय धुतले होते, तेव्हाही मला असंच अवघडल्यासारखं झालं होतं.

"डोळे मिटा. हात लागला की सांगा."

तळव्याला लागला, सांगितलं. टाचेला लागला, सांगितलं.

"आता पावलावर. कळतंय?"

काहीच कळत नव्हतं. ते थांबले होते. त्यांचा श्वास ऐकू येत होता. मला ते सहन होईना.

"हो," मी म्हणालो. "कळतंय की, मामा. जरा जरा कळतंय."

"अजून लावलाच न्हाई, जावईबापू."

मी डोळे उघडले. त्यांचे दोन्ही हात सुयांच्या डब्यावर होते, आणि डब्याचं झाकण लावलेलं होतं.