भाऊजींची जोडी आणि माझी रुंद लेन्स

माझ्या भाऊजींची बैलजोडी शंकरपटाची, म्हणजे बैलांच्या शर्यतीची, शेवटची दौड माझ्यामुळे हरली. मी तेव्हा पट्टीच्या कडेला पालथा पडून फोटो काढत होतो.

यात बैलांचा दोष नव्हता, हाकणाऱ्याचा नव्हता, हवेचाही नव्हता. दोष दुसऱ्या कुणाच्या तरी अंगावर ढकलायची खटपट मी पुढे बरीच वर्षं केली, पण तो फिरून माझ्याच दारात येऊन बसतो.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. मी माजरीच्या कोळसा खाणीच्या कचेरीत नोकरीला होतो आणि मला फोटोग्राफीचा नाद लागला होता. नाद म्हणजे फोटो काढण्याचा नव्हे, लेन्सबद्दल बोलण्याचा. फोटो काढायला रोल लागतो, ऊन लागतं, समोर काहीतरी असावं लागतं. बोलायला समोर फक्त तसाच दुसरा एक माणूस लागतो, आणि तो माझ्या शेजारच्या टेबलावरच बसत होता.

आमचा वाद रुंद लेन्सचा. आमच्या दोघांच्या कॅमेऱ्यांना दोन्ही जातीच्या लेन्स बसत : हातानं कडी फिरवून फोकस करायची ती मॅन्युअल, आणि बटण अर्धं दाबलं की आपणहून गरगरत फोकस शोधते ती ऑटोफोकस. मित्र मॅन्युअलपंथी. त्याची लेन्स अस्सल धातूची, जुनी, जड, कडीवर फुटांचे आकडे कोरलेले. ऑटोफोकस वापरणं म्हणजे दुसऱ्यानं घास भरवणं, असं तो म्हणे. या सिद्धांतापायी त्यानं ताडोब्यात कडी फिरवता फिरवता एक अख्खं सांबर घालवलं होतं. ते जिथे उभं होतं त्या गवताचा फोटो मात्र असा काही स्वच्छ आला होता, की पातं न् पातं मोजून घ्यावं. तो फोटो त्यानं मोठा करून घरात लावला होता आणि पाहुण्यांना सांगायचा, ‘इथे सांबर होतं.’

मी ऑटोफोकसवाला. कारण एकच, नवीन निघालेलं काहीही आपल्याकडे असावं. नागपूरला जाऊन मी तशी लेन्स आणली. ती फोकस शोधताना किर्रर्र असा आवाज करायची, आणि त्या आवाजानं मला आपण काहीतरी मोठं काम करतोय असं वाटायचं. माजरीत कोळशाची धूळ कशाकशात शिरते हे तिथे राहिलेल्या माणसाला सांगायला नको. मित्राची कडी त्या धुळीनं जात्यासारखी घरघरायची. मी त्यावरून त्याला छळत असे. तो माझ्या प्लॅस्टिकला डब्याचं झाकण म्हणे. चहा दोघांचाही गार होई.

खरी गंमत अशी, की एवढ्या रुंद लेन्सला फोकसची फारशी पडलेलीच नसते. लख्ख उन्हात दहा फुटांवर लावून ठेवली की चार हातांवरच्या माणसापासून पार डोंगरापर्यंत सगळं साफ येतं. हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. पण ते मान्य केलं असतं तर दुपारच्या सुट्टीत बोलायचं काय?

अशात गोंडपिपरीकडच्या गावाहून माझे भाऊजी, थोरल्या बहिणीचे यजमान, एक दिवस कामानिमित्त माझ्याकडे आले. भाऊजी धानाचे शेतकरी, बोलायला अगदी कंजूष. जेवण झालं, पान झालं, आणि निघता निघता पायरीवर थांबून म्हणाले, पटाच्या दिवशी ये आणि जोडीचा धावतानाचा एक फोटो काढ. जावयानं स्वतः होऊन काही मागायची आमच्या घराण्यातली ही पहिलीच वेळ. लग्नातसुद्धा ते अंगठीवरून रुसले नव्हते, त्यामुळे आमच्या वडिलांना चुकल्याचुकल्यासारखं झालं होतं.

भात कापून, मळून झालं की आमच्याकडे गावोगाव पट भरतो. शेजारी शेजारी दोन पट्ट्या आखायच्या, दोन जोड्यांना हलके छकडे जुंपायचे, आणि झेंडी पडली की सोडायचं. पट्टी सोडून बाहेर गेली ती जोडी बाद. भाऊजींच्या जोडीतला डावा बैल आता उतरणीला लागला होता. भाऊजींनी त्याला वासराचा वाढवला, आपल्या ताटातली भाकर चारली. हा त्याचा शेवटचा पट होता, पुढच्या वर्षी तो फक्त शेतात दिसणार. त्यानं जिंकून निघावं आणि चारही पाय हवेत असलेला त्याचा एक फोटो घरात असावा, एवढंच भाऊजींचं मागणं.

“पाय हवेत पाह्यजे,” त्यांनी जाता जाता पुन्हा बजावलं. “उभा फोटो कोणीबी काढते.”

दुसऱ्या दिवशी मी हे मित्राला सांगितलं आणि पुढचे कित्येक दिवस कचेरीत बैल धावत होते. धावत्या बैलाला मॅन्युअल की ऑटो? बैल फुटबॉलच्या खेळाडूसारखा धरायचा की मोटारीसारखा? आम्ही कागदावर पट्टी काढली, खोडरबराचा बैल केला. शेवटी मित्रानं मोठ्या मनानं आपली धातूची लेन्स मला एका दिवसासाठी दिली. ऑटोफोकसची फजिती झाली की आधाराला असावी म्हणून. या सगळ्या खलात धावत्या बैलासाठी मुळात रुंद लेन्स कशाला, लांबून ओढून घेणारी का नको, हा प्रश्न आम्हा दोघांपैकी एकालाही पडला नाही. लांबची लेन्स आमच्यापैकी कुणाकडे नव्हती, आणि नसलेल्या वस्तूवर वाद घालता येत नाही.

पटाच्या दिवशी गावाबाहेरच्या शेतात ही गर्दी. धसकटं तुडवत माणसं आली होती, शेंगदाणेवाले होते, जिलेबीची कढई पेटली होती, भोंगा खरखरत होता. ताईनं बैलांच्या कपाळावर कुंकू लावलं, डाव्याच्या कानात काहीतरी पुटपुटली, आणि माझ्याकडे बघून मात्र कपाळाला आठ्या घातल्या.

कारण मी जाकीट घातलं होतं. लेन्स आणली त्याच दिवशी नागपूरला घेतलेलं : वाळक्या गवताच्या रंगाचं, त्यावर काळपट पट्टे, खिसेच खिसे. हे घातलं की जनावराला माणूस दिसतच नाही, अशी दुकानदाराची हमी होती. त्या बदल्यात काय दिसतं ते मात्र त्यानं सांगितलं नव्हतं.

पहिल्या फेरीला मी दोराच्या अलीकडे, शहाण्या माणसांत उभा होतो. ऑटोफोकस लावलेली. झेंडी पडली. दोन्ही जोड्या धुळीचा लोट उडवत आल्या आणि मी बटण दाबलं. लेन्स किर्रर्र करत पुढे गेली, किर्रर्र करत मागे आली. धुळीत तिला धरायला काही मिळेना, आणि फोकस सापडल्याशिवाय शटर उघडायचं नाही असा त्या कॅमेऱ्याचा शिरस्ता. मी बटण दाबून धरलं होतं, बैल माझ्यासमोरून गेले, लोक ओरडले, टोप्या उडाल्या, आणि सगळं शांत झाल्यावर कॅमेऱ्यानं एकदाचं खट् केलं. पलीकडच्या बाजूचा शेंगदाणेवाला त्याला पसंत पडला होता.

भाऊजींची जोडी जिंकली होती. ते घामानं निथळत माझ्याकडे आले.

“निघाला?”

“निघाला,” मी म्हणालो. काहीतरी निघालंच होतं.

“पाय हवेत हायेत?”

मी म्हणालो, ते रोल धुतल्यावर कळेल. ते हसले. त्यांना तसं हसताना मी तोवर पाहिलं नव्हतं. शेवटची फेरी दुपारी होती. हा फोटो आला नाही तर भाऊजी मला काही म्हणणार नव्हते, आणि त्यांचं काही न म्हणणं आमच्या कुटुंबात फार दिवस पुरत असे.

मी झाडाखाली बसून मित्राची लेन्स चढवली. कडी सहा फुटांवर लावली आणि सुटू नये म्हणून वर चिकटपट्टी मारली. आता किर्रर्र नाही की शोधाशोध नाही. पण सहा फुटांवर लावायची म्हणजे बैल सहा फुटांवर यायला हवेत. रुंद लेन्समधून लांबचा बैल सशाएवढा दिसतो. आणि पाय हवेत दिसायचे तर कॅमेरा जमिनीला टेकवायला हवा. हे सगळं गणित मी अगदी बरोबर सोडवलं. दोराखालून सरपटत पट्टीच्या कडेला गेलो आणि धसकटांत पालथा पडलो. एका स्वयंसेवकानं हटकलं, तर पेपरवाला आहे म्हणून सांगितलं.

जंगलाला लागून असलेल्या गावातला बैल काय काय बघून मोठा होतो, याचा मात्र या गणितात हिशेब नव्हता. चरायला गेल्यावर गवतात काहीतरी पट्ट्यापट्ट्याचं जमिनीला चिकटून पडलेलं दिसलं, तर काय करायचं हे त्याला कुणी शिकवावं लागत नाही.

झेंडी पडली. भाऊजींची जोडी पुढे होती, चांगली बैलभर पुढे. मी कॅमेऱ्याला डोळा लावायला डोकं वर उचललं. म्हणजे गवतातल्या त्या पट्ट्यापट्ट्याच्या वस्तूनं नेमक्या त्याच वेळी डोकं वर उचललं.

डाव्या बैलानं मला पाहिलं. मी त्याला लेन्समधून पाहिलं. त्यानं उजव्याला रेटत पट्टी सोडली आणि त्याच झटक्यात मी बटण दाबलं. छकडा कलंडला, हाकणारा भाताच्या तणसाच्या ढिगात गेला, जोडी मोकळ्या शेतातून थेट गावाच्या दिशेनं निघाली. दुसरी जोडी मागून आली आणि अगदी निवांत जिंकली. मग भोंग्यावरून सूचना आली, “पट्टीवर झोपलेल्या पाहुण्यायनं उठून घ्यावं. उठा, उठा, पट होऊन गेला.”

कुणाला लागलं नव्हतं. हाकणारा तणस झटकत उठला आणि मला बघून पुन्हा खाली बसला. भाऊजी माझ्याकडे आलेच नाहीत. ते बैलांमागे गेले, डाव्याला धरला, त्याचे पाय एकेक करून चाचपले, आणि त्याच्या मानेवर हात ठेवून त्याला चालवत गोठ्याकडे घेऊन गेले. जेवताना त्यांनी ताईला मला भात वाढायला सांगितलं, पण माझं नाव न घेता, भिंतीकडे बघून.

चंद्रपूरला रोल धुवायला टाकला. शेंगदाणेवाला स्वच्छ आला होता. आणि दुसरा फोटो बघून मी, लाज सांगावी तर, दुकानात नाचलो. काय आला होता! डाव्याचे चारही पाय हवेत, डोळ्याचं पांढरं लख्ख, नाकपुडीतला केस न् केस, आणि मागे हाकणाऱ्याचा वासलेला जबडा. मित्रानं तो कचेरीभर फिरवून मॅन्युअल फोकसचा विजय जाहीर केला. बैल हरला होता, पण मित्र जिंकला होता.

मी तो फोटो मोठा करून, काचेत बसवून गावी घेऊन गेलो. भाऊजी ओसरीत होते. फोटो हातात देऊन मी लगेच समजावायला लागलो, की ऑटोफोकसनं हे कसं जमलं नसतं, धुळीत ती कशी भांबावते, सहा फुटांवर कडी बांधून ठेवण्यात काय खुबी आहे. जो माणूस वर्षभर याच्या उलट बोलला होता, त्याच्या मानानं मी फारच पटवून देत होतो. भाऊजींनी सगळं ऐकून घेतलं. फोटो उन्हात धरला, जवळ नेला, लांब नेला.

“पाय हवेत हायेत,” ते म्हणाले. मग बोट फिरवत विचारलं, “पण यात पट्टी काऊन दिसून नाई राह्यली?”

मी म्हणालो, रुंद लेन्समध्ये खूप मावतं, पण बैल तोवर पट्टीच्या बाहेर आले होते.

त्यांनी मान हलवली, फोटो खांबाला टेकवून ठेवला आणि बैलांना पाणी दाखवायला गोठ्याकडे निघून गेले. मी अजूनही कुणी फोटोला बरं म्हणेल म्हणून उभा होतो. ताई आतून सूप घेऊन आली, वाकून बैलाच्या त्या पांढऱ्या डोळ्याकडे बघितलं, आणि मग माझ्याकडे.

“वाघाले भेला असता त लोकायले सांगता तरी आलं असतं,” ती म्हणाली. “माह्या भावाले भेला, हे मी कोणाले सांगू?”