पहिली बादली

"कामून एवढं डोकं तापवता बाई?" असं म्हणत ती खांद्यावरचं घोंगडं सारखं करायची, आणि आपलं डोकं आणखी तापायचं. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. आभाळ कोसळलं तरी यांचं आपलं निवांत.

मुकुंदवाडी स्टेशनापलीकडच्या आमच्या वस्तीत एक विहीर होती. तिच्याशेजारी ही धनगरीण मेंढरं घेऊन राहायची. मी वस्तीतल्या शाळेत शिकवते. आम्ही सगळे तिला मावशी म्हणायचो. पाऊस कधीचा रुसलेला आणि चहूबाजूंनी टॉवर उठत चाललेले. त्यात नवा कायदा आला: ज्या विहिरीचं पाणी माणसं पितात ती वस्तीची, बाकीच्या टॉवरवाल्यांच्या.

झालं! मी मोर्चा काढला. मावशी मेंढरांसकट हजर. मेंढरं ऑफिसच्या फाटकातच बसली आणि ज्यांना निवेदन द्यायचं ते साहेब मागच्या फाटकानं पसार झाले. मेंढरं कशाला आणलीस म्हणून मी ओरडले, तर मावशी म्हणते, "तीबी वस्तीतलीच हायेत ना?"

शेवटी साहेब विहीर बघायला यायचं ठरलं. मी तिला बजावून बजावून सांगितलं, "मावशी, साहेबांसमोर पाणी शेंदायचं आणि आधी आपण प्यायचं. बास!"

"व्हय व्हय," म्हणाली.

साहेब आले. तिनं बादली शेंदली. माझ्या जिवात जीव आला. आणि या बयेनं ती सरळ मेंढरांपुढे ठेवली! मुक्या जनावराआधी पाणी तोंडाला लावायचं नाही, हा त्यांच्या घरचा रिवाज. वर तीच बादली पुन्हा भरून साहेबांपुढे धरली, "घ्या साहेब, लई गोड हाय."

साहेबांनी लिहिलं: जनावरांची विहीर. आम्ही रोज हेच पितो म्हणून मी घसा फोडला. "मी जे पाहिलं ते लिहिलं," म्हणाले.

विहिरीभोवती टॉवरची भिंत उभी राहिली. मेंढरांना पाणी उरलं नाही, तशी मावशी देवगाव रंगारीकडे निघाली. जाताना माझ्या दारात आली.

"बाई, माझ्यामुळं गेली व्हय हीर?"

"हो, तुझ्यामुळंच." खोटं कशाला बोलू?

तिनं खांद्यावरचं घोंगडं सारखं केलं. "मेंढरं तान्हेली होती वो," एवढंच म्हणाली आणि गेली.

आता ते पाणी टॉवरपुढच्या हिरवळीवर मारतात. टँकरच्या रांगेतून मला सगळं दिसतं. एवढं गवत, आणि खायला एक मेंढरू नाही! असा संताप होतो, असा संताप होतो, आणि मग तिची इतकी आठवण येते की माझा नंबर निघून जातो.